कादंबरीच्या तासाला मुलांना वर्गाबाहेर काढू नका : उत्तर व्हर्जिनियातल्या मराठी पालकांना खुलं पत्र

प्रिय पालकहो,

सप्रेम नमस्कार.

सध्या आपल्या भागातल्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेलचा एक तयार मसुदा फिरतो आहे. मुलाचं नाव घाला, इयत्ता घाला आणि शिक्षिकेला पाठवून द्या. मागणी अशी, की या कादंबरीऐवजी आमच्या पाल्याला दुसरं, कमी त्रासदायक पुस्तक द्यावं. मला तो आधी मराठी शाळेतल्या एका मैत्रिणीने फॉरवर्ड केला आणि मग तोच मसुदा नावगाव भरून माझ्या शाळेच्या इनबॉक्समध्ये रीतसर आला. मी इथल्या एका पब्लिक मिडल स्कूलमध्ये इंग्रजी शिकवते आणि ज्या कादंबरीवरून हे चाललं आहे ती वर्गात घेणारी शिक्षिका मीच. मेलला नियमाप्रमाणे चार ओळींचं नम्र उत्तर दिलं. पण मला जे म्हणायचं होतं ते चार ओळींत मावणारं नव्हतं, आणि ते शिक्षिका म्हणून पालकांना सांगण्यापेक्षा आपल्या माणसांनी आपल्या माणसांना सांगण्यासारखं होतं. म्हणून हे मराठीत लिहिते आहे.

कादंबरी आहे मिल्ड्रेड टेलर यांची 'रोल ऑफ थंडर, हिअर माय क्राय'. १९७६ साली आली आणि पुढच्या वर्षी तिला बालसाहित्याचं मानाचं न्यूबेरी पदक मिळालं. टेलर जन्मल्या मिसिसिपीतल्या जॅक्सनला, १९४३ साली, पण वाढल्या उत्तरेत, ओहायोतल्या टोलीडोमध्ये. वडिलांनी सांगितलेल्या घराण्याच्या गोष्टींतून त्यांची कादंबरी उभी राहिली. काळ १९३३ चा, जागा मिसिसिपीचं खेडं. सांगणारी आहे नऊ वर्षांची कॅसी लोगन. तिला तीन भाऊ. आजोबांनी दोन टप्प्यांत विकत घेतलेली चारशे एकर जमीन घराकडे आहे, आणि ती टिकवण्यासाठी वडील लुइझियानात रेल्वेच्या कामावर गेले आहेत. आई गावातल्या कृष्णवर्णीयांच्या शाळेत शिक्षिका.

मसुदा ज्यांनी लिहिला त्यांनी पुस्तक वाचलेलं नाही हे मला पहिल्या परिच्छेदातच कळलं, कारण त्यात 'गुलामगिरीवरची कादंबरी' असं म्हटलं आहे. गुलामगिरी १८६५ मध्येच कायद्याने संपली होती. ही कादंबरी त्यानंतर अडुसष्ट वर्षांनी काय चालू होतं ते सांगते. आणि आपल्या मुलांना नेमकी हीच अडुसष्ट वर्षं माहीत नसतात. त्यांच्या डोक्यातला इतिहास असा असतो : आधी गुलामगिरी होती, मग लिंकन आले, मग बसमध्ये एक दमलेली म्हातारी गोऱ्या माणसासाठी जागेवरून उठली नाही, मग डॉक्टर किंग यांनी भाषण केलं आणि सगळं ठीक झालं. ती 'म्हातारी', म्हणजे रोझा पार्क्स, तेव्हा बेचाळीस वर्षांची होती आणि कित्येक वर्षं नागरी हक्कांच्या संघटनेचं काम करत होती. तिच्या नऊ महिने आधी त्याच गावात, अलाबामातल्या माँटगोमेरीत, क्लॉडेट कॉल्विन नावाची पंधरा वर्षांची शाळकरी मुलगी अशीच जागेवरून न उठल्याबद्दल पकडली गेली होती. हे मुलांना सांगितलं की ती पहिल्यांदा कान टवकारतात. पंधरा वर्षांची? म्हणजे माझ्या ताईएवढी?

आता पहिल्या प्रकरणातला एक प्रसंग सांगते, कारण तो नीट पाहिला की हे पुस्तक मुलांना काय शिकवतं ते लक्षात येईल.

शाळेचा पहिला दिवस. वर्गात वाचनाची पुस्तकं आली आहेत, याचंच अप्रूप. कॅसीचा सहा वर्षांचा भाऊ, ज्याला घरात 'लिटल मॅन' म्हणतात, तो विलक्षण टापटिपीचा. धूळ लागली तरी त्याला खपत नाही. त्याच्या हातात फाटकं, मळकं पुस्तक येतं. तो बाईंना स्वच्छ पुस्तक मागतो. बाई दटावतात. तो नाइलाजाने पुस्तक उघडतो, आणि आतल्या कव्हरवर काहीतरी वाचून ते जमिनीवर आपटतो आणि त्यावर पाय आपटायला लागतो. बाई छडी काढतात. कॅसी पुस्तक उचलून बघते. आत काउंटीच्या शिक्षण मंडळाचा तक्ता चिकटवलेला आहे. कितव्यांदा दिलं, कधी दिलं, पुस्तकाची स्थिती, विद्यार्थ्याचा वंश. १९२२ मध्ये पुस्तक नवं, विद्यार्थी गोरा. मग दर वर्षी एकेक ओळ, स्थिती घसरत जाते, विद्यार्थी गोराच. बाराव्या ओळीत, १९३३ मध्ये, स्थिती 'फार वाईट', आणि वंशाच्या रकान्यात कृष्णवर्णीयांसाठीचा हेटाळणीचा शब्द. सहा वर्षांच्या पोराला वाचता येतं, हीच काय ती त्याची चूक.

हा प्रसंग झाला की मी वर्गात अर्धा तास काहीही शिकवत नाही. फळ्यावर तो तक्ता काढते, बारा ओळींचा, आणि मुलांना म्हणते, यात तुम्हाला काय दिसतं ते सांगा. मुलं हळूहळू बोलू लागतात. हा तक्ता कोणीतरी छापून घेतला. छापताना वंशाचा रकाना ठेवला, म्हणजे कोणाला तरी तो लागणार होता. गोऱ्यांच्या शाळेसाठी पुस्तक वाईट झालं हे कोणीतरी तपासलं, आणि तरी ते टाकून न देता पुढे पाठवलं. यात शिवी देणारा कोणी नाही, हात उगारणारा कोणी नाही. एक कारकून आहे, एक पेन आहे, एक रजिस्टर आहे. गेल्या वर्षी आपल्याच एका मुलीने विचारलं, "त्या कारकुनाला वाईट वाटलं असेल का?" या प्रश्नासाठी मी ही कादंबरी घेते. समाजशास्त्राच्या पुस्तकात '१८९६ : प्लेसी विरुद्ध फर्ग्युसन, वेगळे पण समान' अशी ओळ असते, म्हणजे वंशावरून वेगळं ठेवणं कायदेशीर ठरवणारा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल. मुलं ती पाठ करतात, परीक्षेत टिक करतात आणि विसरतात. 'वेगळे' म्हणजे काय आणि 'समान' कसं खोटं होतं, हे त्या बारा ओळींच्या तक्त्याने कळतं.

पुढे बसचा प्रसंग आहे. गोऱ्या मुलांच्या शाळेला बस, यांना नाही. लोगन मुलं तासभर चालत जातात, काही मुलं त्याहून कितीतरी लांबून. पावसाळ्यात बसचा ड्रायव्हर मुद्दाम गाडी अंगावर घालून चिखल उडवतो, आतली मुलं हसतात. शेवटी ही भावंडं मधल्या सुट्टीत रस्त्यात चर खणतात. पुढचं तुम्हीच वाचा. मुलांना हा भाग प्रचंड आवडतो, टाळ्या पडतात. पण त्याच रात्री त्या भावंडांची जी गाळण उडते, ती वाचताना वर्ग शांत होतो. या शाळेचं वर्ष ऑक्टोबरला सुरू होऊन मार्चला संपतं, कारण मुलं कापसाच्या शेतात लागतात. हे वाक्य कादंबरीत सहज येऊन जातं. माझ्या वर्गातल्या, उन्हाळी सुट्टीत कोडिंग कॅम्पला जाणाऱ्या मुलांना ते दोनदा वाचावं लागतं.

आणि आई. ती आपल्या वर्गातल्या पुस्तकांमधल्या त्या तक्त्यांवर कागद चिकटवून टाकते. सोबतची शिक्षिका म्हणते, मुलांना कधीतरी कळायलाच हवं जग कसं आहे ते. आई म्हणते, कळू दे, पण मान्य करायलाच हवं असं नाही. पुढे शिक्षण मंडळाची माणसं तिच्या वर्गात येऊन बसतात. ती गुलामगिरीबद्दल शिकवत असते, पाठ्यपुस्तकात नसलेलं. विचारतात, हे पुस्तकात कुठे आहे? चिकटवलेल्या कागदांकडेही त्यांचं लक्ष जातं. तिची नोकरी जाते.

हा भाग शिकवताना मला व्हर्जिनियाची आठवण काढावीच लागते. इथे १९५७ पासून राज्याने स्वतः लिहून घेतलेली इतिहासाची पाठ्यपुस्तकं होती, आणि ती १९७० च्या दशकापर्यंत वर्गात चालली. त्यांत गुलाम सुखी होते, मालक दयाळू होते. सातवीच्या पुस्तकातलं एक चित्र मी मुलांना दाखवते. जहाजावरून उतरलेलं, चांगले कपडे घातलेलं कृष्णवर्णीय कुटुंब, आणि त्यांच्याशी हस्तांदोलन करणारा गोरा गृहस्थ. विकत घेणारा, बरं का. माझ्या वर्गातल्या काही गोऱ्या मुलांच्या आजी-आजोबांनी ही पुस्तकं अभ्यासली असणार. मी ते बोलून दाखवत नाही. मुलं घरी जाऊन विचारतात, तेवढं पुरतं.

आता तुमचा पहिला आक्षेप. तो मला मेलमध्ये कमी आणि दिवाळीच्या जेवणाच्या रांगेत जास्त ऐकू येतो. "अगं, पण हे त्यांचं आहे ना, काळ्या-गोऱ्यांचं. आपण तर परवा परवा आलो. आपला काय संबंध?"

संबंध सांगते. याच मिसिसिपीत, कादंबरीच्या काळाच्या नऊ वर्षं आधी, १९२४ मध्ये, रोझडेल नावाच्या गावात मार्था लम नावाची मुलगी शाळेत गेली. वय नऊ, कॅसीएवढीच. चिनी आई-वडिलांची, तिथेच जन्मलेली. वडील गाँग लम यांचं किराण्याचं दुकान. पहिल्याच दिवशी, मधल्या सुट्टीत तिला सांगितलं की उद्यापासून यायचं नाही, ही गोऱ्यांची शाळा आहे. वडील कोर्टात गेले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोहोचलं आणि १९२७ मध्ये न्यायालयाने एकमताने निकाल दिला : राज्याला या मुलीला 'कलर्ड', म्हणजे गोरे नसलेल्यांच्या, गटात टाकण्याचा आणि गोऱ्यांच्या शाळेबाहेर ठेवण्याचा अधिकार आहे. निकाल लिहिणारे सरन्यायाधीश टाफ्ट, म्हणजे अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष. त्या काळात मिसिसिपीत एखादं मराठी कुटुंब असतं, तर त्यांची मुलगी कुठल्या शाळेत बसली असती याचं उत्तर या निकालात आहे. आपल्या मुलांना मी हा निकाल कादंबरीच्या जोडीने वाचायला देते. त्या तासाला कोणी घड्याळ बघत नाही.

पण या प्रकरणाची एक कडू बाजू आहे, आणि ती मी मुलांपासून लपवत नाही. लम कुटुंबाच्या वकिलांनी असं म्हटलं नव्हतं की मुलांना वंशावरून वेगळं करणं चूक आहे. त्यांचं म्हणणं होतं, आम्ही 'कलर्ड' नाही, आम्हाला त्यांच्यात टाकू नका. त्याच्या चार वर्षं आधी, १९२३ मध्ये, भगतसिंग थिंद यांचा खटलाही याच वळणाचा होता. पंजाबहून आलेला माणूस, पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात होता, नागरिकत्व मागत होता. बाहेरून आलेल्याला नागरिकत्व तेव्हा तो 'गोरा' किंवा आफ्रिकी वंशाचा असेल तरच मिळे. त्यांची बाजू अशी मांडली गेली की हे उच्चवर्णीय आर्य आहेत, म्हणून गोरेच. युक्तिवादात असंही होतं, की अमेरिकन माणूस निग्रोकडे ज्या नजरेने बघतो त्याच नजरेने उच्चवर्णीय हिंदू आपल्याकडच्या आदिवासीकडे बघतो, निदान लग्नाच्या बाबतीत. ही त्यांच्या बाजूने केलेली शिफारस होती! कोर्टाने ती मानली नाही. ज्या भारतीयांना आधी नागरिकत्व मिळालं होतं त्यांच्यापैकीही अनेकांचं काढून घेतलं गेलं.

म्हणजे दार बंद झालं तेव्हा आपल्यासारख्यांनी काय केलं? 'आम्हाला गोऱ्यांच्या बाजूने आत घ्या' म्हणून पाहिलं, आणि ते जमलं नाही. दार उघडलं ते दुसऱ्यांच्या जोरावर. १९४६ पासून भारतासाठी वर्षाला शंभर जणांचा कोटा होता. शंभर! आपल्या मंडळाच्या गणपतीला याहून जास्त माणसं आरतीला असतात. हा कोटा मोडला १९६५ च्या कायद्याने, आणि तो आला नागरी हक्कांच्या चळवळीच्या लाटेत. ऑगस्टमध्ये मतदान हक्काचा कायदा, ऑक्टोबरमध्ये स्थलांतराचा. 'वंश बघून माणसं मोजायची नाहीत' हे एकदा देशाच्या कायद्यात लिहायचं ठरल्यावर वंश बघून व्हिसा देणं टिकणार नव्हतं. आपल्यातल्या पहिल्या डॉक्टर-इंजिनियर काका-मावशींना जे ग्रीन कार्ड मिळालं, त्यासाठी कॅसीच्या पिढीतल्या माणसांनी मार खाल्ला आहे. मुलाला हे सांगू नका म्हणता?

जवळचं हवं असेल तर जवळचं घ्या. ॲशबर्नमध्ये आपली किती कुटुंबं आहेत! डेटा सेंटरांच्या मधोमध तिथे एक लाकडी, एकखणी शाळा उभी आहे. १८९२ च्या सुमाराची, कृष्णवर्णीय मुलांची. २०१६ मध्ये तिची दुरुस्ती चालू असताना पाच किशोरवयीन मुलांनी तिच्या भिंतींवर स्वस्तिक आणि वंशद्वेषी घोषणा रंगवल्या. स्वस्तिक म्हणजे हिटलरचं, आपलं नव्हे. त्या पाचांतले सगळे गोरे नव्हते, हेही सांगायला हवं. सरकारी वकिलांनी सुचवलेली आणि कोर्टाने मान्य केलेली शिक्षा बहुतेकांना ठाऊक नसेल : पुस्तकं वाचा. एका यादीतून महिन्याला एक, वर्षभर, आणि प्रत्येकावर लिहून द्या. मी शिक्षिका आहे, मला ही शिक्षा आवडली आणि खटकलीही. गुन्हा झाल्यावर जी पुस्तकं सक्तीने वाचायला लावायची, तीच आधी वर्गात वाचली तर पालकांचा ऑप्ट-आउटचा, म्हणजे 'आमच्या मुलाला यातून वगळा' असा मेल येतो.

लीझबर्गची डग्लस शाळा बघा. लाउडन काउंटीत कृष्णवर्णीय मुलांना नीटसं हायस्कूल नव्हतं. शेवटी पालकांनीच वर्गणी काढून चार हजार डॉलरला जमीन घेतली आणि काउंटीला एक डॉलरला देऊन टाकली, की आता तरी बांधा. चार्ल्स हॅमिल्टन ह्यूस्टन यांच्यासारखा नागरी हक्कांचे खटले लढणारा वकील त्यांच्यामागे उभा होता. शाळा १९४१ मध्ये सुरू झाली आणि १९६८ पर्यंत वेगळीच राहिली. शाळांतलं वंशावरून वेगळं ठेवणं बेकायदा ठरवणारा १९५४ चा ब्राऊन निकाल लागून चौदा वर्षं होईपर्यंत! त्याच गावात अग्निशमन दलाचा पोहण्याचा तलाव होता, फक्त गोऱ्यांसाठी. १९६० च्या दशकाच्या मध्यात कृष्णवर्णीयांनाही आत घ्यावं लागेल असं दिसू लागलं तेव्हा तो दगड-सिमेंट टाकून बुजवला. सगळ्यांनी पोहण्यापेक्षा कोणीच पोहू नये हे बरं! गावाला पुन्हा सार्वजनिक तलाव मिळायला १९९० उजाडलं. तो म्हणजे आयडा ली, जिथे शनिवारी सकाळी आपली मुलं पोहायला शिकतात आणि आपण काचेमागे चहा घेत बसतो. २०२० मध्ये काउंटीने आणि शाळा मंडळाने वेगळ्या शाळांबद्दल जाहीर माफी मागितली. आपण इथे घर घेताना 'स्कूल डिस्ट्रिक्ट' बघितलं, रेटिंग बघितलं, एजंटला हळूच विचारलं, 'तो एरिया कसा आहे?' आणि गाडीत मागे बसलेल्या मुलाने 'तो एरिया चांगला नाही' हे आपल्या तोंडून ऐकलं. एरिया तसा का झाला, कोणाला कुठे घर घेऊ दिलं नाही, हे त्याला कोणीच सांगितलं नाही. म्हणून तो स्वतःच कारण शोधतो. ते कारण काय असतं, हे मी मधल्या सुट्टीत मुलांच्या बोलण्यात ऐकते. इथे लिहीत नाही.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे आणि तो मला मान्य करून बोलायचं आहे. "मुलगी रात्री झोपली नाही." हो, असं होतं. या कादंबरीत माणसांना जाळल्याची बातमी आहे, रात्री येणाऱ्या टोळ्या आहेत. मूल अस्वस्थ होणारच. मी त्या रात्रीसाठी काय करते ते तुम्हाला कळायला हवं. हिंसेची प्रकरणं मी वर्गात मोठ्याने, एकत्र वाचते, घरी एकट्याने वाचायला देत नाही. तो शिवीवजा शब्द वर्गात कोणी उच्चारत नाही, मी सुद्धा नाही. तिथे थांबून पुढे जातो. आणि नाटक करून दाखवणं बंद. काही ठिकाणी मुलांना दोन गटांत वाटून एका गटाला वाईट वागवण्याचे खेळ घेतात, ते मी कधीच घेतलेले नाहीत. वर्गातल्या दोन कृष्णवर्णीय मुलांकडे बाकीच्या वीसजणांनी वळून बघणं म्हणजे काय, हे त्या दोघांना रोजच माहीत असतं. त्यांना खेळाची गरज नाही. २०२० मध्ये कॅलिफोर्नियातल्या बरबँकमध्ये ही कादंबरी सक्तीच्या वाचनाच्या यादीतून काढली गेली, ती मुख्यतः कृष्णवर्णीय पालकांच्याच तक्रारींवरून. पुस्तकाचं निमित्त करून त्यांच्या मुलांना शाळेत तो शब्द ऐकवला जात होता. यादीतून पुस्तक काढणं मला पटत नाही, पण त्या पालकांचा राग मला समजतो. तो पुस्तकापेक्षा शिकवण्याच्या पद्धतीवर होता. तुमच्या मेलमध्ये मला तसा राग दिसला नाही, दिसली ती 'निगेटिव्हिटी'बद्दलची तक्रार.

ज्यांचं मूल खरंच लहान किंवा हळवं आहे त्यांच्यासाठी माझ्याकडे क्रिस्टोफर पॉल कर्टिस यांची 'द वॉटसन्स गो टू बर्मिंगहॅम - १९६३' आहे. मिशिगनमधल्या फ्लिंटच्या कडाक्याच्या थंडीत मोठ्या भावाचे ओठ गाडीच्या आरशाला चिकटतात, तिथून ती सुरू होते आणि अर्धं पुस्तक पोरं नुसती खिदळतात. मग कुटुंब दक्षिणेत जातं आणि १५ सप्टेंबर १९६३ चा रविवार येतो. त्या दिवशी अलाबामातल्या बर्मिंगहॅमच्या सोळाव्या रस्त्यावरच्या चर्चमध्ये झालेल्या बॉम्बस्फोटात चार मुली गेल्या, तिघी चौदा वर्षांच्या, एक अकराची. हे पुस्तकही हळुवार नाहीच, पण त्यात मूल आधी त्या घरातलं होतं आणि मग त्याला धक्का बसतो. मला विचाराल तर लेखकाने योजलेला हाच क्रम योग्य आहे.

सगळ्या ऐतिहासिक बालकादंबऱ्या चांगल्या असतात असं माझं म्हणणं नाही. पुष्कळांत एक गोरी, गोड, धाडसी मुलगी असते. तिला अन्याय दिसतो, ती कोणाला तरी वाचवते आणि वाचलेला माणूस आभार मानतो. अशी पुस्तकं मुलांना पटकन आवडतात आणि ती मी घेत नाही. लोगन कुटुंब कोणाच्या वाचवण्याची वाट बघत नाही. ते हिशेब करतात, कुठे बोलायचं, कुठे गप्प बसायचं, दुकानावर बहिष्कार टाकला तर कर्ज कोण देईल. या हिशेबात चुका होतात आणि त्यांची किंमत मोजावी लागते. कादंबरीत एकही सुटसुटीत विजय नाही. परीक्षेसाठी सोयीचं नाही, पण खरं आहे.

आणखी एक गोष्ट आहे, जी कोणी मेलमध्ये लिहीत नाही. भीती अशी, की हे शिकवता शिकवता जातीवर येईल. शेजारचा मुलगा विचारेल, तुमच्यात पण असं असतं ना? मग आपलं मूल काय सांगणार?

खरं सांगू? येतंच. मी आणत नाही, मुलंच आणतात. लिटल मॅनचा तक्ता बघून एका मुलाने विचारलं होतं, आपल्याकडेही वेगळं बसवत होते ना? आजीने सांगितलंय. मी कराडची. माझ्या माहेराच्या शेजारी मसूर स्टेशन आहे, जिथे १९०१ मध्ये साताऱ्याहून आलेली काही मुलं उतरली, चांगले कपडे घातलेली, वडिलांना भेटायला निघालेली. त्यांची जात कळल्यावर स्टेशनमास्तरचा चेहरा बदलला, कोणी गाडीवान तयार होईना, दुप्पट भाडं देऊन गाडी मुलांनीच हाकावी असं ठरलं आणि रात्रभर त्यांना प्यायला पाणी मिळालं नाही. त्यातल्या एका मुलाने पुढे ते लिहून ठेवलं. तो मुलगा म्हणजे भीमराव आंबेडकर. ते पुढे न्यूयॉर्कला कोलंबियात शिकले आणि १९४६ मध्ये त्यांनी कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. द्यू बॉइस यांना पत्र लिहून इथल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागितली. त्याच्याही आधी, १८७३ मध्ये, जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामगिरी संपवणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जन लोकांना, आपले देशबांधव त्यांचा कित्ता गिरवतील या आशेने. चारच वर्षांत, कृष्णवर्णीयांच्या हक्कांच्या रक्षणासाठी दक्षिणेत ठेवलेलं केंद्राचं सैन्य मागे घेतलं गेलं आणि त्यानंतर जे सुरू झालं ते कॅसीपर्यंत पोहोचलं. फुल्यांना ते ठाऊक असणं शक्य नव्हतं, पण पुण्यात बसून त्यांनी जो धागा ओढला तो आपल्या मुलांना इथे व्हर्जिनियात सापडतो आहे. तुम्ही तो तोडायला निघाला आहात. एखाद्या मुलाला वर्गात हा प्रश्न विचारला गेला आणि त्याने मसूरची गोष्ट सांगितली, तर मला त्यात काही वाईट झालेलं दिसणार नाही. उत्तर न येऊन तो खाली बघत बसला, तर वाईट वाटेल.

आता कामाचं. ऑप्ट-आउट हा तुमचा हक्क आहे. मेल आला की मी त्या मुलाला पर्यायी पुस्तक देईन, लायब्ररीत जागा देईन, गुण कमी करणार नाही. याबद्दल कोणी मनात शंका ठेवू नका. माझी विनंती एवढीच, की मेल करण्याआधी पहिली तीन प्रकरणं वाचा. एका संध्याकाळचं काम आहे. काउंटीच्या लायब्ररीत प्रती आहेत, लायब्ररीच्या लिबी ॲपवर ऑडिओ मिळतो, ऑफिसला जाता-येता ऐकून होईल. वाचूनही नको वाटलं तर फिरवलेला मसुदा न पाठवता तुमच्या शब्दांत कळवा, कुठल्या पानावर काय खटकलं ते. त्यावर मी तुमच्याशी हवा तेवढा वेळ बोलेन, मराठीत. आणि वाचताना मुलाला शेजारी बसवलंत तर सहाव्या-सातव्या पानावर ते तुम्हाला थांबवून काहीतरी विचारेल. तो प्रश्न मला कळवा, मी वर्गात घेईन.

कादंबरी जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात सुरू होते. त्याआधीच्या गुरुवारी संध्याकाळी शाळेच्या लायब्ररीत मी पालकांसाठी तासभर बसणार आहे. १९५७ चं ते पाठ्यपुस्तक आणि मार्था लमच्या निकालाची प्रत तिथे टेबलावर असेल. पार्किंग मागच्या बाजूला आहे, पुढचं गेट सहानंतर बंद होतं.

आपली,
एक मराठी शिक्षिका
उत्तर व्हर्जिनिया